बाळंतिणीच्या खोलीतला पंखा

स्क्रीन काळी झाली आणि पाठोपाठ डब्यातली घरघरही थांबली. खोलीत एकदम इतकं शांत झालं की बाळाच्या श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला.

"गेला?" बाबांनी दारातूनच विचारलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी उगाच येऊ नये, म्हणून ते उंबरठ्याच्या बाहेर स्टूल टाकून बसले होते.

"गेला."

"पुन्हा?"

माझ्या कानांना बांधलेला रुमाल घामानं भिजून मानेला चिकटला होता. खिडकी बंद, तिच्यावर चादर ठोकलेली. छताच्या पंख्याची वायरच बाबांनी आईच्या सांगण्यावरून मी यायच्या आधी काढून ठेवली होती. परवापर्यंत तर बाजेखाली शेगडीही होती, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. मे महिना, अकोला.

मी कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"राहू दे ना आता त्याले घडीभर," आई म्हणाली. ती बाळाच्या टाळूवर तेल जिरवत होती. "लोकाच्या पोरी बाळंतपणाले येतात तं कपड्याची पेटी आणतात. आमची हा डबा घेऊन आली."

डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. पुण्याहून येताना मी तो दोन गोधड्यांत गुंडाळून, पोटातलं बाळ जपावं तसा जपत आणला होता. त्याच्या आत माझी सात मिनिटांची फिल्म होती. लहान मुलांसाठी केलेली, एकटीनं, नोकरी सांभाळून, रात्री-पहाटे चोरून. जिनिंगच्या कारखान्याच्या आवारात कापसाच्या डोंगरात एका मुलीचा पडलेला दुधाचा दात हरवतो आणि ती तो शोधायला कापसात शिरते, एवढीच गोष्ट. एका महोत्सवानं अर्धवट फिल्म बघून ती पसंत केली होती आणि पूर्ण करून पाठवायला सांगितलं होतं. सोमवारी सकाळी मुदत संपत होती. आज रविवार होता.

उरला होता फक्त शेवटचा प्रसंग. मुलगी डोंगराच्या पोटात शिरते, सगळीकडून कापूस तिच्यावर कोसळतो आणि मग उजेड येतो. चित्र, हालचाल, सगळं माझं करून झालं होतं. आता कॉम्प्युटरनं त्याची एकेक फ्रेम रंगवून काढायची होती. पण त्याला प्रत्येक बोंडाचा प्रत्येक तंतू वेगळा रंगवायचा होता, तंतूंवर पडणारा उजेड वेगळा. त्या कामानं तो असा तापायचा की फ्रेम पुरी व्हायच्या आत आपला आपणच बंद पडायचा. जळून जाऊ नये म्हणून. पुन्हा सुरू केला की तीच फ्रेम पहिल्यापासून.

"कापूस कमी कर ना," मंदार, माझा नवरा, फोनवर म्हणाला होता. "थोडा दाटपणा उतरव. कुणाला कळणार आहे?"

"मग तो कापूस दिसत नाही रे. साबणाचा फेस दिसतो."

"प्रणिता, अगं पुढच्या वर्षी पाठव. नुकतं बाळ झालंय तुला."

"म्हणूनच," मी म्हटलं. पुढच्या वर्षी माझ्याकडे काय असणार होतं, हे मला या खोलीतल्या थोड्याच दिवसांत पुरतं कळलं होतं. अंगावर दूध, खांद्यावर ओकारी, डोक्यात झोप. बाळाकडे बघितलं की जीव नुसता ओवाळून टाकावासा वाटायचा. आणि तरी रोज अंधार पडताना मनात यायचं, की ती जी मी होते, कापसाच्या तंतूंवर तासन् तास डोळे लावून बसणारी, ती आता निघाली. तिची गाडी सुटायच्या आत ही एवढी फिल्म तिच्या हातात द्यायची होती.

डबा दुसरीकडे नेऊन पाहिला नाही असं नाही. पुढची खोली पश्चिमेची, वर पत्रे. तिथं तर तो नीट सुरूही झाला नाही. बाबांनी तो कूलरच्या तोंडाशी ठेवला, तर कूलरच्या वाऱ्याबरोबर पाण्याचे शिंतोडे आत. मंदार फोनवरूनच ओरडला, म्हणून उचलून पुन्हा माझ्या खोलीत. ही खोली घराच्या पोटातली, जाड भिंतींची, त्यातल्या त्यात थंड. रात्री चालवावा तर त्याच्या आवाजानं बाळ दचकायचं. आईनं रात्रीपुरती साफ बंदी घातली होती.

मग बाबांनी पंख्यांचं मनावर घेतलं. गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून ते तळहाताएवढे चौकोनी पंखे घेऊन आले. आईनं त्यांना दारातच अडवलं.

"पंखा या खोलीत येणार नाही, सांगून ठेवते."

"अवं, हे कॉम्प्युटरचे पंखे हायेत. खोलीचे नाहीत."

"हवा त्यातून निघते का नाही?"

"निघते. पण त्याच्या पोटातल्या पोटात."

"पाहू."

आईनं उदबत्ती लावली. बाबांनी डब्याची एक बाजू उघडून पंखे तारांनी बांधले, सुरू केले, आणि आई वाकून प्रत्येक पंख्यासमोर उदबत्ती धरत गेली. दोन पंख्यांशी धुराची रेघ सरळ आत ओढली गेली. "हं," ती म्हणाली. मागच्या पंख्याशी मात्र धूर उलटा फिरला आणि खोलीत, बाळाच्या बाजूला पसरला.

"हे पोटातल्या पोटात का?"

बाबा ओशाळून हसले. "गरम हवा कुठंतरी सोडा लागन ना त्याले."

"लेकरावर सोडता का मग?"

शेवटी मध्ये दोरी बांधून तिनं तिचं जुनं सुती लुगडं आडवं टाकलं. पलीकडे डबा आणि मी, अलीकडे बाज आणि बाळ. बाळ रडलं की मी लुगड्याखालून वाकून इकडे यायची, पाजायची, पुन्हा पलीकडे जायची. बाबा म्हणायचे, "आमची प्रणू सरहद्द ओलांडते रोज."

पंखे लावल्यावर दोनेक दिवस बरे गेले. बऱ्याच फ्रेमा निघाल्या. आणि मग तो पहिल्यापेक्षाही जास्त तापायला लागला. पंखे तर भिरभिर फिरत होते. काही उमजेना. बाबांनी उंबरठ्याबाहेर वर्तमानपत्र पसरून डबा खोलला, तेव्हा आम्ही दोघं बघतच राहिलो. आत सगळीकडे काळपट, चिकट थर. बोट लावलं तर मेणासारखा. पंख्यांच्या पात्यांवर, मधल्या धातूच्या जाळीवर, सगळीकडे. बाबांनी बोट नाकाशी नेलं.

"ओवा," ते म्हणाले.

सकाळ-संध्याकाळची धुरी. जितके पंखे आम्ही वाढवले, तितका शेगडीचा धूर त्या डब्यानं ओढला होता. बाळाला आणि मला द्यायची धुरी तोच घेत बसला होता.

मला वाटलं आता आई बोलेल, तुमच्या डब्यापायी लेकराची धुरी बंद करू का म्हणून. तिनं एकदा त्या काळ्या बोटाकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे. मग फडक्यानं शेगडी उचलली आणि मागच्या पडवीत नेऊन ठेवली. "लेकराले तिथंच नेऊन देत जाईन धुरी," एवढंच म्हणाली. बाबांनी दाढीच्या ब्रशनं पातं न् पातं साफ केलं.

तरी आज रविवारी उन्हानं सगळ्यांवर मात केली. शेगडी गेली, काळा थर गेला, पंखे लख्ख झाले. पण खोलीतली हवाच इतकी तापली होती की ती कितीही ओढून घेतली तरी डब्याला गारवा येत नव्हता. सकाळपासून एकही फ्रेम पुरी झाली नव्हती.

मी लुगडं बाजूला सारलं.

"आई, एक टेबलफॅन लागेल मला. मोठा. फक्त आजच्या दिवस."

"नाही."

"त्याचं तोंड मी कॉम्प्युटरकडं करीन. भिंतीकडं. बाळाकडं वारा येणारसुद्धा नाही."

"भिंतीवरून वारा फिरून येते. मले नको शिकवू."

"मग मी बाहेर जाते, बाळाला घेऊन. बाहेर पाठवून द्या मला. शेजारी, कुठंही."

"सव्वा महिना झाल्याबिगर उंबरठा ओलांडायचा नाही. तुले जायचं तं जा. लेकरू इथं ठेव."

"ते पिणार काय?"

"मग बस."

"आई, उद्या सकाळी संपलं सगळं. तुला कळतंय का? तीन वर्षं केलंय मी हे."

"मले काय कळते. मले एवढं कळते की पोटचं लेकरू पुढ्यात असून तुह्यं सारं ध्यान त्या डब्यात हाय." तिनं बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. "एवढी सोन्यासारखी पोर झाली, अजून काय पाहिजे तुले?"

हे तिनं ओरडून म्हटलं असतं तर मी भांडले असते. ती अगदी हळू म्हणाली. आणि माझ्या आतून काहीतरी सुटलंच. मी लुगड्याशी जमिनीवर बसले आणि रडायला लागले. टाके ओढले जात होते, दूध गळून पोलकं ओलं झालं होतं, आणि मला थांबता येत नव्हतं.

"मला ही पण पाहिजे आणि ते पण पाहिजे," मी म्हणत होते. "ते गेलं तर मी हिच्यावर राग काढीन, आई. कधीतरी काढीन. मला ते नको आहे. हिनं काय केलंय?"

दुपटं सारखं करणारे आईचे हात थांबले.

उंबरठ्याबाहेरचं स्टूल सरकल्याचा आवाज आला. बाबा उठून गेले होते. शिडी ओढल्याचा आवाज, मग माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा. बराच वेळ ते आले नाहीत. आले तेव्हा बनियन धुळीनं माखली होती आणि छातीशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते उंबरठ्यावर थबकले नाहीत. सरळ आत आले, गोणपाट खाली ठेवलं आणि सुतळी सोडली.

लोखंडी टेबलफॅन होता. हिरव्या रंगाचा, जुन्या घडणीचा, जाळी मोठ्या फटींची. मी तो जन्मात कधी पाहिला नव्हता.

आईनं पाहिला आणि ती उभीच्या उभी राहिली. बाळ तिच्या खांद्यावर होतं. तिनं बाळाचं डोकं तळहातानं झाकलं.

"टाकून दिला म्हणाले होते तुम्ही."

"नाही देववला टाकून."

"इतकी वर्षं माळ्यावर?"

"हो." बाबा गोणपाटाची घडी घालत राहिले. "नको म्हणशील तं परत ठेवतो. तू म्हणशील तसं."

मला काहीच समजेना. मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. बाबांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुह्याआधी एक पोरगी झाली होती आम्हाले. याच खोलीत. असाच मे होता. तुही आई उकाड्यानं कासावीस व्हायची, म्हणून मी हा घेऊन आलो. बाजेच्या पायथ्याशी लावला. लई निवांत झोपल्या दोघी." त्यांनी घडीची कड जुळवली. "बारसंही नव्हतं झालं."

माझ्याआधी काहीतरी झालं होतं, एवढं मला माहीत होतं. कुणी कधी त्यापुढे बोललं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"तुही आजी दारात उभी राहून म्हणाली, पंखा लावला, लेकराले हवा लागली, गेलं. साऱ्या गल्लीनं तेच म्हटलं."

"तुम्हीही तेच म्हटलं," आई म्हणाली.

"मीच आणला होता ना. मंग मी दुसरं काय म्हणू?"

आई बाजेवर बसली. बाळाला मांडीवर घेतलं, त्याची मूठ उघडून आपलं बोट आत दिलं. मग ती बोलायला लागली, बाबांशी, पण नजर बाळावर ठेवून.

"डॉक्टरनं तुम्हाले पडवीत नेऊन सांगितलं होतं. काळजातच दोष होता म्हणून. पोटात असल्यापासून होता. पंखा नसता तरी ती राहिली नसती."

बाबांच्या हातातली घडी सुटली.

"तुले कोणी सांगितलं?"

"मी दाराआड होती. पाणी घ्यायले उठली होती."

"तं मंग..." बाबांनी गोणपाट पुन्हा उचललं. "मले वाटलं, तुले कळलं तं तू म्हणशील माह्याच पोटात खोट हाय. प्रणूच्या आजीनं तं तुले जगूच दिलं नसतं. म्हणून मी म्हटलं, राहू दे पंख्यावर. माह्यावर."

"ठाऊक हाय मले. म्हणून तं मीही चूप राहिली." आईनं पदरानं बाळाच्या ओठांवरचा घाम टिपला. "पंख्यावर ठेवलं तं घरातल्या कोण्या माणसावर ठेवा लागत नव्हतं."

तीस वर्षांच्या आसपास ती दोघं एका घरात, एका ताटात जेवत आली होती, आणि प्रत्येकानं दुसऱ्याला वाचवायला एकच खोटं आपापलं वेगळं सांभाळलं होतं. मी तिथं नसते तर बरं, असं मला वाटलं. पण सव्वा महिना झाला नव्हता. मला जायला जागा नव्हती.

"मग आई," मी शेवटी म्हटलं, अगदी हळू, "तुला माहीत होतं तर पंख्याला का एवढं..."

"माहीत असून काय होते व? भेव थोडंच जाते." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "या खोलीत तू झाली तेव्हाही मी पंखा लागू नाही दिला. घामोळ्यानं तुही सारी पाठ लाल झाली होती. मी रात्रभर सुपानं वारा घालायची. सुपाच्या वाऱ्याले भेव नव्हतं वाटत."

बाळानं तोंड वळवून शोधायला सुरुवात केली. मी घ्यायला हात पुढे केले. आईनं दिलं नाही. "आधी ते तुह्यं लाव," ती म्हणाली. "मंग पाज."

बाबांनी पंख्याचं तोंड डब्याच्या उघड्या बाजूकडे केलं, पण बटणाला हात लावला नाही. ते आईकडे बघत राहिले. ती उठली. लुगड्याची दोरी एका हातानं सोडली, लुगडं खाली पडू दिलं, आणि डब्याच्या नि बाजेच्या मध्ये जमिनीवर पाट ठेवून बसली. पाठ पंख्याकडे, बाळ पुढ्यात, पदर दोन्ही बाजूंनी ओढून घेतलेला.

"लावा," ती म्हणाली.

पंखा आधी कुरकुरला, मग धूळ उडवत फिरायला लागला. भिंतीवर आपटून वारा खरंच परत येत होता. आईच्या पाठीवर पोलकं फडफडत होतं, केसांच्या बटा पुढे येत होत्या. पुढ्यात, पदराच्या आत, पानही हललं नसतं इतका निवारा.

मी कॉम्प्युटर सुरू केला. कोपऱ्यातला तापमानाचा आकडा वर चढला, नेहमीच्या ठिकाणी आला, तिथं घुटमळला. मी श्वास धरून बसले होते. तो पुढे गेला नाही. फ्रेमची पहिली पट्टी रंगली, दुसरी रंगली. मुलीचा हात, हाताभोवती कापूस, एकेक तंतू. अख्खी फ्रेम पुरी होऊन जेव्हा पुढची सुरू झाली, तेव्हा पंख्याशी उभे असलेले बाबा म्हणाले, "निघाली का व?" आणि मी नुसती मान हलवली.

दुपारभर आई तशीच बसली. मध्ये मी बाळाला पाजलं, तेही तिच्या आडोशाला, तिच्या पाठीमागे वारा आणि पुढे आम्ही दोघी. तिला म्हटलं, पाठ अवघडेल, बाबा बसतील. ती म्हणाली, "त्याहीची पाठ अरुंद हाय." बाबा हसले. मीही हसले, आणि मग डोळे पुसले. बाबा डब्यातल्या छोट्या पंख्यांवर लक्ष ठेवून होते. एखादा मंदावला की ब्रश घेऊन वाकायचे. फ्रेमा निघत राहिल्या. कापूस कोसळला, मुलगी झाकली गेली, पांढरंच पांढरं झालं.

मग उजेडाच्या फ्रेमा आल्या. त्या सगळ्यात जड. आकडा पुन्हा वर सरकायला लागला तसे बाबांनी पंख्याचं शेवटचं बटण दाबलं, सगळ्यात जोराचं. आईनं खांदे आवळले, पण वळून पाहिलं नाही.

शेवटची फ्रेम खालच्या कोपऱ्यापर्यंत रंगली तेव्हा दारातलं ऊन तिरपं झालं होतं. मुलीच्या तळहातावर दात होता. तंतूंमधून आलेला उजेड त्याच्यावर पडला होता, अगदी मला हवा होता तसा. फिल्म पुरी झाली होती. आता फक्त पाठवायची होती. मी स्क्रीनवरची नजर काढून वळले.

आई मघासारखी बसलेली नव्हती. कधी कोण जाणे, ती पाटावर जराशी तिरपी झाली होती. पदर एका बाजूनं सोडला होता. पंख्याच्या वाऱ्याची एक झुळूक तिच्या खांद्यावरून येऊन बाळाच्या डोक्यावर जात होती, आणि बाळाचं काळंभोर जावळ हलत होतं. बाळ झोपलं होतं, ओठ किंचित उघडे. आईचं एक बोट त्याच्या नाकाखाली धरलेलं होतं, श्वास लागेल इतक्या जवळ. ती त्या बोटाकडेच बघत होती.

"झालं, आई," मी म्हटलं. "करू बंद?"

तिनं बोट हलवलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून नको करू बंद."